हुकूमनामा झाला, दरखास्त राहिली

गुरुजींचं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. समोर बसलेल्या साहेबांनी तेवढ्या वेळात मान हलवली ती दोनदा. टेबलावर एकेक कागद येत होता आणि साहेब त्याच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा घालत होते. बँकेच्या ठेवपावत्या, निशाणी १. पोस्टाचं पासबुक, निशाणी २. विमा पॉलिसी, निशाणी ३. एका खासगी फर्मची नऊ लाखांची पावती, निशाणी ४. गुरुजींच्या पत्नी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. निशाणी ४ पुढे आली तेव्हा त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. साहेबांनी ते पाहिलं, पण लिहून घेतलं नाही.

ऑगस्ट २०१७ ची ही बैठक. साहेब तीन वर्षांपूर्वीपर्यंत जिल्हा न्यायाधीश होते. आता ते सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असलेले गुंतवणूक सल्लागार होते आणि गुरुजी त्यांचे अठ्ठाविसावे अशील. ‘क्लायंट’ म्हणायला त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही.

प्रकरण अभ्यासाच्या रीतीप्रमाणे यातली माणसं आणि त्यांच्या रकमा बेतलेल्या आहेत. कायदे, नियम, तारखा आणि व्याजदर मात्र जसे होते तसेच घेतले आहेत. तपासायचं आहे ते एवढंच: तीस वर्षं न्यायासनावर बसून अंगवळणी पडलेल्या सवयी दुसऱ्याच्या पैशाचा सल्ला देताना कुठं उपयोगी पडल्या आणि कुठं आडव्या आल्या. आडव्या आल्या त्या जागा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, म्हणून तिथं जास्त थांबलो आहे.

साहेबांची कारकीर्द बाहेरून पाहिली तर सरळ रेषेत गेलेली. बी.कॉम., एलएल.बी., तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं वकिली, १९८३ साली कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. तीन-चार वर्षांनी बदली, आठ गावं. पैशाशी त्यांचा स्वतःचा संबंध बराच काळ पगारापुरताच होता आणि पगार बेताचा. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००२ मध्ये बऱ्याच अंशी मान्य केल्या, पुढे थकबाकीची रक्कम हातात आली, तेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिशीनंतर त्यांनी पहिल्यांदा ‘हे ठेवायचं कुठं’ याचा विचार केला. तोवर भविष्य निर्वाह निधी आणि पोस्ट यांपलीकडे नजर गेली नव्हती.

खरं वळण आलं ते नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत, एमपीआयडी न्यायालयाचा कार्यभार आल्यावर. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणाचा हा कायदा १९९९ चा. ठेवी घेऊन बुडवणाऱ्या संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता सरकार जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो विशेष न्यायालयाकडे येतो, जप्ती कायम होते, लिलाव होतो आणि जे काही निघेल ते ठेवीदारांत प्रमाणात वाटलं जातं. वाचायला चार ओळी लागतात. प्रत्यक्षात जप्त केलेल्या जमिनीवर बँकेचा बोजा निघतो, सातबाऱ्यावर भावाचं नाव निघतं, गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात गंजतात, आणि दर तारखेला ठेवीदार मागच्या बाकावर येऊन बसतात. त्यांचं न्यायालयात काही काम नसतं. ते नुसते बसतात. एक निवृत्त कंडक्टर प्रत्येक तारखेला पावतीची लॅमिनेट केलेली झेरॉक्स घेऊन यायचे. मूळ पावती पोलिसांकडे जमा होती. साहेबांना त्यांचं नाव आठवत नव्हतं, ते लॅमिनेशन आठवत होतं.

आपल्याकडे निवृत्त न्यायाधीश आणि लोकांचा पैसा यांची गाठ पडते ती बहुधा घर जळून गेल्यावर. ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सहारा प्रकरणात गुंतवणूकदारांचे पैसे १५ टक्के व्याजानं परत करायला सांगितलं आणि त्यावर देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. अग्रवाल यांना नेमलं. जमिनीच्या नावाखाली लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीच्या जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी २ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानुसार जी समिती झाली तिचे अध्यक्ष माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा. ही मोठी माणसं, मोठी प्रकरणं. पण जिल्ह्याच्या पातळीवरही निवृत्तीनंतरच्या वाटा त्याच जातीच्या असतात: लवाद, ग्राहक आयोग, चौकशी अधिकारी, लोकअदालतीचं पॅनेल. भांडण होऊन गेलेलं असतं, मग आपण जायचं. साहेबांना एकदा तरी भांडणाच्या आधी पोचायचं होतं.

वकिलीचा विचार त्यांनी केला नाही असं नाही. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याला आपल्या शेवटच्या पदाच्या समकक्ष किंवा कनिष्ठ न्यायालयात उभं राहता येत नाही. म्हणजे जिल्हा न्यायाधीशाला उच्च न्यायालयाचीच वाट उरते. शिवाय वकिलीची सनद चालू ठेवून स्वतः दुसरा व्यवसाय करता येत नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची सोय नव्हती. त्यांनी सनद पुन्हा चालू केलीच नाही.

सेबीचे गुंतवणूक सल्लागारांविषयीचे विनियम जानेवारी २०१३ मध्ये निघाले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाले. त्यांत पात्रतेसाठी वित्त, लेखा, वाणिज्य, अर्थशास्त्र अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका लागायची, नाहीतर कुठल्याही शाखेची पदवी आणि या कामाचा पाच वर्षांचा अनुभव. कायद्याची पदवी त्या यादीत नव्हती. एकतीस वर्षं लोकांच्या मालमत्तेचे निकाल देणाऱ्या माणसाला तेव्हाच्या नियमांनुसार मुदत ठेव आणि म्युच्युअल फंड यांतला फरक फी घेऊन समजावण्याचा अधिकार नव्हता. मला हा नियम हास्यास्पद वाटत नाही, उलट बरोबरच वाटतो. साहेबांनाही तो बरोबर वाटला. त्यांनी साठाव्या वर्षी एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा केला आणि एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या दोन्ही स्तरांच्या परीक्षा दिल्या. साठ टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला गुण वजा. पहिला स्तर दुसऱ्या प्रयत्नात निघाला. ऑप्शन्सच्या प्रश्नांवर ते ‘दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकल्याशिवाय कसं सांगणार’ असं म्हणत अडकायचे, हे ते स्वतःच हसत सांगत. २०१६ मध्ये नोंदणी झाली.

पाटीवर त्यांनी फक्त नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिला. ‘निवृत्त जिल्हा न्यायाधीश’ लिहिलं असतं तर दाराशी रांग लागली असती, पण ती गुंतवणुकीसाठी नव्हे. तरी बातमी पसरायची ती पसरलीच. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी निम्म्यांच्या पिशवीत पासबुकाखाली एखादं समन्स किंवा वाटणीचा दावा निघायचा. ते कागद साहेब न वाचता परत करत.

फी वर्षाला १२,००० रुपये, सगळ्यांना सारखी, आधी. कमिशन कुणाकडूनही नाही. म्युच्युअल फंडांचे ‘डायरेक्ट प्लॅन’ जानेवारी २०१३ पासून आले होते. त्यांत वितरकाचं कमिशन नसतं, त्यामुळे खर्च कमी, हे त्यांना लोकांना सांगता येत होतं. पण ऐकणाऱ्याच्या मनात गणित वेगळंच चालायचं. एजंट घरी येतो, चहा घेतो, फॉर्म भरून देतो, पैसे मागत नाही. हे साहेब बोलायचे बारा हजार घेतात. गुरुजींनीही पहिल्या बैठकीत ते बोलून दाखवलं होतं: “आमचे एक जण फुकट सांगतात, साहेब.” एक जण कोण, हे साहेबांनी विचारलं नाही.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून २०१४ ला निवृत्त झालेले, बैठकीच्या वेळी वय एकसष्ट. त्यांच्या पत्नी, ज्यांना साहेब ‘ताई’ म्हणत, सत्तावन्न वर्षांच्या. राहतं घर स्वतःचं. मुलगी लग्न होऊन जवळच्याच गावी. मुलाचं छोटं वर्कशॉप. निवृत्तीचे आणि साठवलेले मिळून ४६ लाख. त्यातले २२ लाख एकाच नागरी सहकारी बँकेत, कारण ती अर्धा टक्का जास्त देत होती. ५ लाख पोस्टात, ६ लाख एकरकमी विमा पॉलिसीत, ४ लाख बचत खात्यात लोळत पडलेले, आणि ९ लाख त्या फर्मकडे: तीन वर्षांत दुप्पट, जानेवारी २०१७ ची पावती.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. अकरा पानी, निकालपत्राच्या साच्यात. आधी पक्षकारांची माहिती, मग हकिकत, मग डाव्या बाजूला मुद्दे आणि उजव्या बाजूला निष्कर्ष. ‘एकाच बँकेत २२ लाख ठेवणे सुरक्षित आहे काय? – नकारार्थी.’ ‘गुरुजींच्या पश्चात पत्नीचे उत्पन्न पुरेसे राहील काय? – नकारार्थी.’ ‘मुलास व्यवसायासाठी ५ लाख देणे उचित आहे काय? – नकारार्थी.’ त्याखाली मुद्देनिहाय कारणमीमांसा, शेवटी आदेश. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला हा अहवाल वाचून घरी आल्यासारखं वाटेल. गुरुजींना तो वाचून आपल्यावर काही आरोप आहे की काय असं वाटलं.

मजकूर मात्र कसदार होता. बँकेच्या मुद्द्यावर त्यांनी लिहिलं की ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत माणशी १ लाख रुपयांपर्यंतच आहे आणि ती मर्यादा १९९३ पासून बदललेली नाही. म्हणजे बावीस लाखांतले जवळजवळ एकवीस लाख निव्वळ विश्वासावर ठेवलेत. त्यावर आदेश असा: १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, कारण गुरुजींची साठी उलटली आहे आणि तेव्हाची कमाल मर्यादा तेवढीच होती. दर ८.३ टक्के, दर तिमाहीला ३१,१२५ रुपये. खातं पत्नीबरोबर संयुक्त. उरलेले ७ लाख दोन राष्ट्रीयीकृत बँकांत. दोनच वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१९ ला, रिझर्व्ह बँकेनं पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येऊ लागले, तेव्हा गुरुजींनी फोन करून साहेबांचे आभार मानले. ठेवविम्याची मर्यादा ५ लाख झाली ती त्यानंतर, ४ फेब्रुवारी २०२० ला.

अहवालाचा सगळ्यात चांगला भाग माझ्या मते कुटुंब निवृत्तिवेतनाचा. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मं असतं. निवृत्तीनंतर माणूस गेला आणि वाढीव दराची ठरावीक मुदत संपली, की जोडीदाराला मिळतात ३० टक्के. पन्नासाचे तीस. महागाई भत्ता दोन्हींवर असतो, पण पाया आक्रसतो. घरखर्च मात्र निम्मा होत नाही. दिवा एकच लागतो, औषधं एकाचीच लागतात, पण घरपट्टी तेवढीच येते. साहेबांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. स्वतःच्या निवृत्तीच्या कागदांत त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांनी ताईंच्या नावानं वेगळी रक्कम बांधायला सांगितली, विम्याची पॉलिसी आहे तशी राहू दिली आणि बचत खात्यातले अडीच लाख ताईंसाठी इंडेक्स फंडात दर महिन्याला थोडे-थोडे टाकायला सांगितले. शेअर बाजारातली ती एवढीच गुंतवणूक. जरा जास्तच जपून, असं आजच्या सल्लागारांना वाटेल. मलाही वाटतं. पण बुडालेल्यांचे गठ्ठे ज्यानं चार वर्षं पाहिले त्याच्या हाताला जोखमीचं माप वेगळं बसतं.

आणि निशाणी ४? नऊ लाखांच्या त्या पावतीबद्दल अकरा पानांत एकच ओळ होती: ‘सदर फर्मकडील मुद्दल तात्काळ काढून घेण्यात यावे.’

साहेबांना त्याहून जास्त लिहायची गरजच वाटली नाही. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला २६ टक्के. पावतीवर कुठलाच नोंदणी क्रमांक नाही. व्यक्तीला किंवा भागीदारी संस्थेला असा ठेवी गोळा करण्याचा धंदा करायला रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५ एस नं मनाईच आहे. या धर्तीच्या पावत्या त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. जे इतकं उघड आहे ते काय समजावून सांगायचं? सव्वापान ज्येष्ठ नागरिक योजनेला, एक ओळ घर बुडवू शकणाऱ्या कागदाला. जाणत्या माणसाच्या हातून होणारी ही चूक आहे. नवशिक्यानं भीतीपोटी तरी तीन पानं लिहिली असती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सहामाही आढावा झाला. बँकेचं काम झालं होतं, पोस्टाचं झालं होतं, इंडेक्स फंड सुरू झाला होता. साहेबांनी एकेका मुद्द्यापुढे खूण केली आणि निशाणी ४ वर थांबले.

“हे?”

“आहे, साहेब. म्हणजे, राहिलंय.”

पुन्हा ती शांतता. या वेळी ती ताईंनी मोडली. “ती पावती आमच्या व्याह्यांनी करून दिली आहे. तेच तिथं काम बघतात.”

‘फुकट सांगणारे एक जण’ ते हेच. मुलीचे सासरे.

इथं साहेबांची अस्वस्थता समजून घ्यायला कोर्टाची रीत माहीत हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १८, नियम १२ प्रमाणे साक्षीदाराच्या वागण्या-बोलण्याविषयी न्यायाधीशाला नोंद करता येते. पुरावा कायद्याच्या कलम १६५ नं त्याला कुणालाही, कधीही, कसाही प्रश्न विचारता यायचा. पण चांगला न्यायाधीश हे अधिकार जपून वापरतो. पुरावा आणणं हे पक्षकारांचं काम. जे रेकॉर्डवर नाही ते जगात नाही. एकतीस वर्षं साहेब या शिस्तीनं वागले आणि ती शिस्त उत्तम होती, कारण समोर दोन वकील असत, एकाचं लपवणं दुसऱ्याच्या उलटतपासात निघत असे. सल्लागाराच्या टेबलावर प्रतिवादी नसतो. तिथं वादी, साक्षीदार आणि लपवणारा एकाच खुर्चीत बसलेला असतो, आणि खरी साक्षीदार पर्स मांडीवर धरून शेजारी. तिला कुणी पिंजऱ्यात बोलावलंच नव्हतं. ताईंची नजर ऑगस्टमध्येच सगळं सांगून गेली होती.

पुढची चूक त्यांनी लगेच केली. गुरुजींना पत्र लिहिलं: मुद्दल न काढल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी सल्लागारावर राहणार नाही, वगैरे. कायद्यानं बिनचूक. गुरुजींनी दोन महिने फोन उचलला नाही.

दिवाणी कोर्टाच्या आवारातला प्रत्येक जण एक गोष्ट जाणून असतो. दावा जिंकला की पक्षकार पेढे वाटतो आणि मग वकील त्याला सांगतो, आता दरखास्त लावावी लागेल. हुकूमनामा कागदावर असतो. तो प्रत्यक्षात आणायचा तर बेलिफ हवा, जप्तीचं वॉरंट हवं, हरकतदार उभे राहतात, पुन्हा तारखा. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय आणि वकील ते अजून वापरतात. साहेबांनी ते आपल्या निकालांत कितीदा उद्धृत केलं असेल. पण न्यायाधीश असताना दरखास्तीत त्यांच्या हाताशी नाझर होता, बेलिफ होता, गरज पडली तर पोलीस होते. आता त्यांच्याकडे अकरा पानी अहवाल होता आणि न उचलला जाणारा फोन.

एप्रिलमध्ये त्यांनी ताईंना फोन केला. एकट्या आल्या तर चालेल का, असं विचारलं. त्या आल्या. या वेळी साहेबांनी पेन्सिल हातात घेतली नाही. पैसे परत मागितले तर काय होईल, एवढंच विचारलं.

मग जे निघालं ते कुठल्याही कागदावर नव्हतं. व्याह्यांनी स्वतःचे चौदा लाख तिथं घातले होते. गावातल्या पंधरा-वीस घरांचे पैसे त्यांच्या शब्दावर गेले होते. गुरुजींनी काढले तर बाकीचे विचारणार, सख्ख्या व्याह्यानंच का काढले? मुलीला सासरी ते ऐकून घ्यावं लागणार. गुरुजींना योजना बोगस आहे हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांना ते अहवालाच्या आधीही कळत होतं. ते मुलीच्या शांततेची किंमत मोजत होते आणि ती नऊ लाख आहे हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं.

तोड ताईंनीच सुचवली. मुलाला वर्कशॉपसाठी मशीन घ्यायचं होतं, पाच लाख हवे होते, हे व्याह्यांना माहीत होतं. त्या कारणानं पैसे मागितले तर त्यांचा शब्द खाली पडत नाही, कुणाला संशय येत नाही. फक्त एक अडचण होती. साहेबांच्याच अहवालात, मुद्दा क्रमांक तीन: मुलास ५ लाख देणे उचित आहे काय? नकारार्थी.

साहेबांनी स्वतःच्या निकालाचं पुनर्विलोकन केलं. न्यायालयात हे क्वचित होतं आणि कुठल्याच न्यायाधीशाला आवडत नाही. कारण देताना त्यांनी लिहिलं की मुलाला दिलेले पाच लाख परत न येण्याची शक्यता आहे, फर्मकडे ठेवलेले परत न येण्याची शक्यता त्याहून पुष्कळ जास्त आहे, आणि मूळ निकालात या दोन मुद्द्यांचा एकत्र विचार झाला नव्हता. म्हणजे चूक कबूल केली, फक्त निकालपत्राच्या भाषेत. अट एक घातली: मुलानं महिन्याला १० हजारांप्रमाणे आईच्या खात्यात परतफेड करायची. त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पक्षकार कोर्टात सहीनिशी लेखी म्हणणं देतात त्याला पुरसीस म्हणतात, तसलाच कागद, फक्त तिकिटाशिवाय.

मे २०१८ मध्ये पाच लाख आले. उरलेले चार मागण्यासारखं कारण कुणाजवळ नव्हतं. साहेबांनीही रेटलं नाही. मला वाटतं रेटायला हवं होतं. निदान वर्षअखेरीला पुन्हा प्रयत्न करायला हवा होता. त्यांच्या त्या वर्षाच्या टिपणांत निशाणी ४ पुढे ‘अंशतः तडजोड’ एवढंच आहे, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाकडे न्यायाधीश परत वळून बघत नाही. ही सवयही कोर्टातलीच.

जून २०१९ मध्ये फर्मचं शटर खाली आलं. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा केंद्राचा वटहुकूम त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला निघाला होता, कायदा जुलैअखेर झाला. गुन्हा मात्र नोंदला गेला जुन्या ओळखीच्या कायद्याखाली, एमपीआयडी. गुरुजी साहेबांकडे आले ते पावतीची झेरॉक्स घेऊन. मूळ पावती पोलिसांकडे जमा झाली होती. साहेबांनी ती झेरॉक्स बराच वेळ हातात धरली. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायच्या दाव्याच्या अर्जात काय-काय लागतं ते सांगितलं, त्याची फी घेतली नाही, आणि किती वर्षं लागतील असं गुरुजींनी विचारलं तेव्हा उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर माहीत होतं.

सप्टेंबर २०२० मध्ये सेबीनं सल्लागारांचे नियम आणखी कडक केले. व्यक्तिगत सल्लागाराला निव्वळ मालमत्ता एक लाखाऐवजी पाच लाख, अशिलाशी लेखी करार, सल्ला आणि विक्री यांची फारकत, दीडशेच्या वर अशील गेले तर संस्था स्थापन करायची. पन्नाशी ओलांडलेल्या जुन्या सल्लागारांना वाढीव पात्रतेतून सूट होती, त्यामुळे साहेबांना काम चालू ठेवता आलं असतं. लेखी नोंदी ठेवण्याचा तर त्यांना कंटाळा नव्हता. पण डाव्या कानानं ऐकू येणं कमी झालं होतं आणि बैठका फोनवर होऊ लागल्या होत्या. समोरचा थांबला की फोन कटला, हे त्यांना कळेना. २०२१ मध्ये त्यांनी नोंदणी परत केली. अशील तेव्हा एक्केचाळीस होते.

गुरुजी २०२४ मध्ये गेले. महिनाभरानं ताई आल्या, एकट्याच. साहेबांनी आधीच सांगितलं की आता आपण सल्लागार नाही, सल्ला देता येणार नाही. ताई म्हणाल्या, “सल्ला नकोच आहे. तुम्ही ऐका फक्त.” कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होत होतं, तीस टक्क्यांनी. ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं संयुक्त असल्यानं त्यांच्या नावावर चालू राहणार होतं. मुलाचे दहा हजार जुलै २०२२ मध्ये संपले होते. मध्ये कोविडच्या वर्षभरात काही हप्ते थकले, पण आले. त्यांनी ते एका शंभरपानी वहीत तारखेनिशी लिहून ठेवले होते. वहीच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: नि. १.

राहिले होते चार लाख. जप्त मालमत्तेपैकी एक भूखंड विकला गेला होता, वाटप व्हायचं होतं, आणि दावेदाराच्या जागी आता वारसाचं नाव लागायला हवं होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, मूळ दाव्याच्या पोचपावतीची प्रत. साहेबांनी ती यादी सांगितली. सल्ला म्हणून नाही, पत्ता सांगावा तशी.

“जाणार कशा?” त्यांनी विचारलं.

“व्याह्यांबरोबर,” ताई म्हणाल्या. “त्यांचीही तारीख त्याच दिवशी आहे. ते गाडी घेऊन येतात.”